सिबिल खराब म्हणून बचत खाते अडले? या चुका टाळा

बेळगावजवळच्या मच्छेच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा आमच्या गावचा एक मुलगा आठ महिने आपला पगार थोरल्या दाजींच्या खात्यावर घेत होता. मोटारसायकलच्या कर्जाचे हप्ते थकले होते, वसुलीवाले दोनदा घरी येऊन गेले होते. आता कुठलीच बँक आपल्याला खाते देणार नाही, असे त्याने मनाशी धरून टाकले. दाजी भले माणूस. पण दर महिन्याला ‘दाजी, पगार पडला का ओ?’ असे विचारायचे आणि स्वतःच्या कमाईतले पाचशे मागून घ्यायचे, हे कुणाच्याही जिवाला लागते.

मी रविवारी सकाळी आमच्या वाचनालयाच्या पडवीत लोकांचे फॉर्म भरून देतो. असे लोक तिथे नेहमी येतात. फायनान्सच्या हप्त्यात अडकलेल्या बायका येतात, कुणाला तरी जामीन राहून बसलेले शेतकरी येतात. बहुतेकांनी बँकेत विचारलेलेच नसते. विचारले असले तर चुकीचे काहीतरी विचारून परत आलेले असतात.

सिबिल हा ३०० ते ९०० मधला आकडा आहे. कर्ज दिले तर ते परत येईल का, हे ताडण्यासाठी बँक तो बघते. बचत खात्यात पैसे तुम्ही बँकेकडे ठेवता. तिथे बँकेला तुमची ओळख आणि पत्ता पाहिजे. बचत खात्यासाठी स्कोअर किती असावा, असा रिझर्व्ह बँकेचा कुठलाही नियम नाही.

काउंटरवर चुकीचा शब्द

या मुलाने शेवटी हिय्या केला आणि बँकेत जाऊन म्हणाला, ‘सर, माझं सिबिल जरा खराब आहे, खातं मिळंल का?’ हे बोलायचेच नव्हते. ‘सिबिल’ शब्द कानावर पडला की समोरच्याला वाटते हा कर्जाला आलाय. त्याला कर्जाच्या टेबलाकडे पाठवले, आणि तिथे ‘होत नाही’ म्हणून सांगितले. खाते नाकारले गेलेच नव्हते. खाते मागितलेच गेले नव्हते.

त्यात भाषेचा गोंधळ. बेळगाव शहरात, निपाणीत मराठी चालून जाते, पण शाखेतला अधिकारी कुठूनही बदलून आलेला असतो. म्हणून मी लोकांना एक कन्नड वाक्य पाठ करायला लावतो: ‘ननगे झीरो बॅलन्स उळिताय खाते बेकु, साल बेड.’ मला झीरो बॅलन्सचे बचत खाते पाहिजे, कर्ज नको. शेवटचे दोन शब्द ठासून म्हणायचे. ‘साल बेड’ म्हटले की पुढचे बोलणे आधार कार्ड आणि फोटोवर येते.

या खात्याचे बँकेतले नाव बीएसबीडी, म्हणजे मूलभूत बचत खाते. रिझर्व्ह बँकेने १० ऑगस्ट २०१२ च्या परिपत्रकाने ते सगळ्या बँकांना द्यायला लावले. सरकारी असो की खासगी, ‘आमच्याकडे तसली स्कीम नाही’ असे म्हणता येत नाही. किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, पैसे कितीही वेळा भरा, महिन्याला निदान चार वेळा काढणे फुकट, एटीएम कार्ड फुकट. जनधन खाते त्याच जातीचे. ते २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाले. २०१८ च्या ऑगस्टअखेरनंतर काढलेल्या जनधन खात्याच्या रुपे कार्डावर २ लाखांचा अपघात विमा असतो. जनधनवर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टही मिळू शकतो, पण ते कर्जच आहे. खाते काढायच्या दिवशी त्याचा विषय काढू नका.

फॉर्म कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत द्यावेत असा दंडक आहे. कन्नड वाचता येत नसेल तर हिंदी फॉर्म मागा. सही मराठीत करायला हरकत नाही, फक्त आज करता तशीच पुढेही करावी लागेल. आणि त्याच बँकेत तुमचे साधे बचत खाते आधीपासून असेल तर ते ३० दिवसांत बंद करावे लागते, हे फॉर्मवर सही करण्याआधी लक्षात ठेवा.

कर्ज थकले तिथेच खाते काढणे

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. जवळची शाखा, ओळखीचा शिपाई, म्हणून माणूस थकलेल्या कर्जाच्याच बँकेत नवे खाते काढतो. खाते निघते, पगार पडतो आणि दुसऱ्या दिवशी पासबुकात बाकी शून्य. बँकेला आपल्याकडे असलेल्या पैशातून आपली थकबाकी वळती करून घेण्याचा हक्क असतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७१ पासून तो चालत आला आहे. तुम्ही जामीनदार असाल तरी तो तुमच्यापर्यंत पोचू शकतो.

आमच्या गल्लीतल्या एका अक्कांच्या बाबतीत हेच झाले. किराणा दुकानासाठी बँकेचे कर्ज काढलेले, दुकान बंद पडले. त्याच बँकेतल्या खात्यावर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० येऊ लागले आणि हप्त्यात जाऊ लागले. अक्का पासबुक घेऊन आल्या. नोंदींवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हे आलेलं दिसतंय, मग गेलं कुठं?’ खालच्या ओळीत कर्जखात्याचा नंबर होता. त्यांना तो वाचता येत नव्हता.

कर्ज बुडवा असे मी कुणाला सांगत नाही. फेडायचे आहेच. पण किती, कधी फेडायचे हे बँकेत बसून ठरवून, लिहून घ्यावे. घरखर्चाचे पैसे मध्येच उडाले की माणूस पुन्हा आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज काढतो आणि खड्डा खोल होतो. म्हणून पगाराचे, सरकारी योजनेचे खाते दुसऱ्या बँकेत काढा. तुमच्या गावात एकच शाखा असेल तर पोस्टमनला विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे झीरो बॅलन्स खाते तो दारात काढून देतो. त्यात २ लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते.

मायक्रोफायनान्सची गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले असे कर्ज विनातारण असले पाहिजे. तुमच्या ठेव खात्यावर त्याचा बोजाही चढवता येत नाही. तेव्हा फायनान्सचे हप्ते थकले म्हणून बँकेतले खाते गोठवू, अशी धमकी कुणी दिली तर घाबरू नका. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूमही काढला.

मात्र नव्या खात्याचा चेक किंवा ऑटो डेबिटची सही फायनान्सवाल्याला सहज देऊन बसू नका. खात्यात पैसे नसताना हप्ता ओढला की तो बाऊन्स होतो आणि दर वेळी दंड बसतो.

सोसायटीच्या पासबुकाला बँक समजणे

आपल्या भागात गल्लीगल्लीत क्रेडिट सोसायट्या आणि सौहार्द सहकारी संस्था आहेत. निपाणी, चिकोडी, अथणी पट्ट्यात तर घरटी एखादे पासबुक सापडेल. तिथे खाते दोन फोटोंत निघते, माणसे ओळखीची असतात, मराठी बोलतात. बँकेने परत पाठवलेला माणूस तिकडे वळतो. त्यांनी अनेकांना अडीअडचणीला हात दिला, हेही खरे.

पण क्रेडिट सोसायटी म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला, नागरी सहकारी बँक धरून, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. सोसायटीतल्या ठेवीला ते नाही. आधारशी जोडून येणारे सरकारी पैसेही तिथे जमा होत नाहीत. रोजची पिग्मी बचत तिथे भरा, पण एकुलते एक खाते तिथे ठेवू नका.

नावात आणि पत्त्यात अडकणे

बहुतेक खाती सिबिलपायी अडत नाहीत, इथे अडतात. पण बँकेतून परतलेल्या माणसाला तेच कारण वाटत राहते.

आधारवर ‘लक्ष्मी’ इंग्रजीत एक्स घालून, मतदार ओळखपत्रावर केएसएच घालून. एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, तेही पुढे. शाळेचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडमध्ये. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचे अधिकृत नाव बदलले, पण जुन्या कार्डांवर जुनेच छापलेले आहे. शहराच्या नावातल्या फरकाला कुणी सहसा अडवत नाही. तुमच्या स्वतःच्या नावातल्या फरकाला अडवतात. उपाय एकच. बँकेला दहा कागद दाखवू नका. ओळख आणि पत्ता दोन्ही असलेला एकच कागद द्या आणि फॉर्मवर त्यातलेच स्पेलिंग अक्षर न् अक्षर लिहा. आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, लायसन्स, रोजगार हमीचे जॉब कार्ड यांतला कोणताही चालतो. पॅन नसेल तर तसे सांगणारा वेगळा फॉर्म भरून द्यावा लागतो.

चंदगड, गडहिंग्लजकडच्या मुली लग्न होऊन उचगाव, बेळगुंदीकडे येतात. आधारवर माहेरचे नाव, माहेरचा पत्ता आणि महाराष्ट्र राज्य. अशा सुनेला ‘आधी आधार बदलून या’ म्हणून परत लावतात, आणि आधार केंद्रावर पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेचे पासबुक मागतात. बिचारी चार खेपा घालते. नियम असा आहे: लग्नाच्या नोंदणीचा सरकारी दाखला जोडला तर जुन्या नावाचे कार्ड चालते. अंगठा लावून आधारची ई-केवायसी केली तर सध्याचा पत्ता वेगळा असल्याचे स्वतःच लिहून देता येते.

यातला एकही कागद नसेल तर ‘छोटे खाते’ मागा. अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा दिला की ते निघते. शिल्लक ५०,००० च्या वर नेता येत नाही, वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही आणि महिन्याला १०,००० पर्यंतच काढता येते. मुदत १२ महिने. कागदासाठी अर्ज केल्याचे दाखवले तर आणखी १२ महिने मिळतात.

खाते निघाले, पैसे मात्र जुन्याच खात्यात

अक्कांनी दुसऱ्या बँकेत खाते काढले. तरी पुढच्या महिन्यात गृहलक्ष्मी जुन्याच खात्यात पडली. हे पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार शेवटचे ज्या बँकेशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, जोडलेले असते तिथे जातात. पासबुकावर आधार नंबर छापला म्हणजे हे जोडणे झाले असे नाही. नव्या बँकेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’चा वेगळा फॉर्म भरून सही द्यावी लागते. झाले की नाही ते आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसते. अक्कांच्या बाबतीत ते दिसायला काही दिवस लागले, आणि पुढचे २,००० नव्या पासबुकात आले.

खाते भाड्याने मागणारे

‘सिबिल साफ करून देतो’ किंवा ‘खाते वापरायला द्या, महिन्याला पाच हजार देतो’ म्हणणारे अडचणीतली माणसे बरोबर हेरतात. एटीएम आणि सिम त्यांच्या हाती गेले की त्या खात्यातून चोरीचे पैसे फिरतात. पोलीस येतात ते खाते ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे. आधीच दिले असेल तर आजच बँकेत जाऊन खाते बंद करायला लावा आणि १९३० वर फोन करा.

तरीही नाही म्हणाले तर

वाद घालू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि नाकारण्याचे कारण लिहून मागा. पोच मागितल्यावर बरीच कामे तिथेच होतात. नाही झाले तर बँकेच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. चौकशीसाठी नंबर १४४४८.

जुन्या पगारखात्यात दंड साठून ‘मायनस’ बाकी दाखवत असतील तर तीही भरू नका. किमान शिल्लक नाही म्हणून खाते ऋणात नेता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बजावले आहे.

मच्छेच्या मुलाने दुसऱ्या बँकेत ‘साल बेड’ म्हटले आणि त्याचे खाते निघाले. पगार आता त्याच्या स्वतःच्या खात्यावर पडतो, आणि मोटारसायकलचे हप्ते तो तिथूनच पाठवतो. त्यामुळे भरल्याचा पुरावा राहतो. कर्ज पुरे फिटले की ‘नो ड्यूज’ दाखला घ्यायचा आणि वर्षातून एकदा फुकट मिळणारा सिबिल रिपोर्ट काढून बघायचा, असे आम्ही ठरवले आहे. तिथे ‘क्लोज्ड’ लिहिलेले हवे. रक्कम कमी करून मिटवले तर ‘सेटल्ड’ येते, आणि पुढे कर्ज मागताना ते आडवे येते. नोंद चुकीची दिसली तर तक्रार घालायची. ती ३० दिवसांत मिटली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. दाखल्याची एक झेरॉक्स दाजींकडेही ठेवायची आहे.