नैरोबीच्या बालगृहात जाताय? या चुका टाळा

मुलांचा वाढदिवस असो वा घरातल्या वडीलधाऱ्यांची पुण्यतिथी, त्या निमित्ताने एखाद्या बालगृहात जेवण घालण्याची पद्धत नैरोबीतल्या मराठी कुटुंबांत चांगलीच रुजलेली आहे, आणि अलीकडे पुण्या-मुंबईहून महिना-दोन महिने सेवा करण्यासाठी येणाऱ्या तरुणांचीही त्यात भर पडली आहे. अशा मंडळींची बालगृहांशी गाठ घालून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आले आहे, आणि त्याच त्या चुका पाहून आता खरोखर कंटाळा आला आहे. हेतू कोणाचाच वाईट नसतो. पण हेतूच्या नावाखाली लोक बालगृहात जे सहज करतात, ते स्वतःच्या मुलांच्या शाळेत कोणा परक्याने केले तर मुख्याध्यापकांना जाब विचारतील.

फोटो

केनियातल्या बालगृहांतली बहुसंख्य मुले अनाथ नसतात. आई-वडिलांपैकी निदान एक जण हयात असतो, आणि गरिबी, आजारपण किंवा घरातली मारहाण अशा कारणांनी मूल तिथे पोहोचलेले असते. काहींना न्यायालयाच्या आदेशाने विशिष्ट नातेवाइकापासून दूर ठेवलेले असते, त्यामुळे मूल नेमके कुठे आहे हे त्या माणसाला कळू न देणे हीच बालगृहाची पहिली जबाबदारी ठरते.

शहराबाहेरच्या एका बालगृहात आपल्याकडच्या एका कुटुंबाने मुलीचा वाढदिवस केला. फोटो काढू नयेत असे फाटकावरच सांगितले होते, तरी निघताना "एकच ग्रुप फोटो" झाला, आणि रात्री तो फेसबुकवर चढला. मागे बालगृहाची पाटी, पाटीवर नाव आणि फोन नंबर, आणि पहिल्या रांगेत केकची बशी धरून उभी असलेली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, जिला काकाच्या घरातून सोडवून आणले होते. आठवडाभरात तो काका तोच फोटो मोबाइलवर घेऊन फाटकाशी हजर झाला. आस्करीने, म्हणजे राखणदाराने, फाटक उघडले नाही आणि सरकारी चिल्ड्रन ऑफिसरना फोन केला, म्हणून पुढचा प्रसंग टळला. मात्र मुलीला सत्राच्या मध्यातच दुसऱ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हलवावे लागले. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, आणि जिच्याशी ती नुकती कुठे मोकळेपणाने बोलू लागली होती ती सांभाळणारी बाईही सुटली. कुटुंबाने फोटो काढून टाकला आणि दिलगिरीचा लांबलचक मेसेज पाठवला. मुलीच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य होता.

"मुलांनीच आग्रह केला" ही सबब मला ऐकवू नये. केनियाच्या २०१९ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार मुलांच्या माहितीसाठी पालकाची संमती लागते, आणि बिस्किटाच्या पुड्यासमोर मुलाने दिलेला होकार ही संमती नव्हे. चेहऱ्यावर इमोजी चिकटवणे हाही उपाय नाही, कारण गणवेश, पाटी आणि मागचा रस्ता तसेच दिसत राहतात. माझ्याबरोबर येणाऱ्यांचे फोन मी फाटकावरच एका टोपलीत जमा करून घेते, आणि "मला फक्त वेळ पाहायला लागतो" म्हणणाऱ्यांना मनगटी घड्याळ बांधून यायला सांगते.

लळा लावणे आणि निघून जाणे

पाहुणा आत पाऊल टाकतो न टाकतो तोच तीन-चार वर्षांचे पोर धावत येऊन गळ्यात पडते, आणि पाहुण्याला वाटते की आपल्यात काहीतरी खास आहे. वास्तविक, ज्याला सांभाळणारे माणूस पक्के आहे ते मूल परक्याला पाहून आधी त्या माणसाच्या मागे दडते. रोमानियातल्या संस्थांमधील मुलांवर २००० पासून बुखारेस्टमध्ये झालेल्या अभ्यासात परक्यांशी अशी सरसकट सलगी करण्याची सवय स्पष्टपणे नोंदवली गेली. सांभाळणारी माणसे सतत बदलत राहिली की ती सवय लागते, आणि महिन्याला नवा स्वयंसेवक म्हणजे त्या बदलात आणखी एक भर. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मध्ये बालहक्कांविषयीच्या ठरावात बालगृहांतील स्वयंसेवेमुळे, विशेषतः पर्यटनाच्या ओघात होणाऱ्या स्वयंसेवेमुळे, होणारे नुकसान रोखण्यास सरकारांना सांगितले, ते काही उगाच नव्हे.

तरीही पहिल्याच दिवशी "मला तान्ह्या बाळांच्या खोलीत काम द्या" असे सांगणारे उत्साही लोक येतच राहतात. त्याहून वाईट म्हणजे "डिसेंबरच्या सुट्टीत नक्की येईन" असे मुलांना सांगून जाणारे. डिसेंबरात ते गोव्याला असतात आणि इथे गाडीचा आवाज आला की पोरे फाटकाकडे पळतात.

मुलांना जवळचे माणूस आधीपासूनच आहे: तिथली मामा (स्वाहिलीत आई), म्हणजे रात्री उठून अंथरूण बदलणारी बाई. तिचे ओझे हलके करा. मी नवख्यांना सरळ स्वयंपाकघरात पाठवते. चपाती हा आपल्या लोकांबरोबर आलेला पदार्थ केनियात सणासुदीच्या पानाचा मान पटकावून बसला आहे. एरवी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकुमा विकी ही पालेभाजी खाणारी मुले चपाती आणि न्देंगू, म्हणजे आपल्या मुगाची उसळ, म्हटले की ताटे वाजवतात. पण साठ मुलांच्या चपात्या लाटायच्या तर एकट्या स्वयंपाकिणीचा अख्खा दिवस जातो, म्हणून त्या रोज होत नाहीत. तिथे चार हात लाटायला बसले तर ते खरे काम. फक्त आपल्या फुलक्यांचे कौतुक तिथे सांगू नये. तिकडची चपाती मैद्याची, जाड आणि पदर सुटलेली असते, आणि स्वयंपाकीण सांगेल तशीच ती करावी. ज्यांना हे काम कमीपणाचे वाटते त्यांचा उत्साह मुलांसाठी नव्हता, एवढे त्यातून कळते.

संस्था न पारखणे

केनिया सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ मध्ये मुलांना टप्प्याटप्प्याने कुटुंबात परत नेण्याचे दहा वर्षांचे धोरण जाहीर केले. म्हणून नोंदणीपत्र पाहून झाल्यावर मी एकच प्रश्न विचारते: गेल्या वर्षी किती मुले नातेवाइकांकडे परत गेली? चांगली व्यवस्थापिका हिशेबाची वही काढते. दुकान मांडून बसलेला माणूस मुलांना गाणे म्हणायला उभे करतो. पोलिसांचा चारित्र्य दाखला न मागता जी संस्था तुम्हाला मुलांमध्ये सोडते, ती इतर कोणालाही तशीच सोडते, हेही ध्यानात असू द्यावे.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या

जुने कपडे भारतातून आणू नयेत. इथे गिकोम्बाच्या बाजारात मितुंबाचे, म्हणजे परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे, ढीग पडलेले असतात. भेटवस्तू प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणू नयेत, कारण ऑगस्ट २०१७ पासून त्यांवर बंदी आहे आणि दंडाची कमाल मर्यादा ४० लाख शिलिंग आहे. पैसे एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून, द्यायचे तर संस्थेच्या नावावरच्या पेबिल क्रमांकावर द्यावेत, कोणाच्या खासगी नंबरवर नाही. इंग्रजी शिकवण्याचा बेत आखून येणाऱ्यांनी आधी तिथल्या चौथीतल्या मुलाशी दहा मिनिटे बोलून पाहावे, कारण ती मुले शाळेत इंग्रजीतूनच शिकतात. शनिवारी सकाळी जाऊ नये. गणवेश धुण्याचा आणि फुटबॉलचा तोच वेळ असतो.

कागदपत्रांत घाई करणारे तर हमखास अडकतात. पर्यटक म्हणून मिळालेल्या ई-टीएवर, म्हणजे ऑनलाइन प्रवेश-परवान्यावर, काम करता येत नाही, मग ते बिनपगारी का असेना. आणि पीतज्वराची लस भारतातून निघण्याच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्यावी, कारण ते प्रमाणपत्र नसेल तर केनियाहून परतल्यावर भारतातल्या विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत, जावे लागू शकते.