डायलिसिसवरील रुग्णासह नागपूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवताना

बिऱ्हाड हलवायचे ठरले की घरात पहिली चर्चा ट्रकच्या भाड्याची होते. ज्या घरात आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेणारे माणूस आहे, तिथे मात्र ट्रकचा विचार सर्वांत शेवटी करायचा असतो. आधी नव्या शहरात डायलिसिसचा स्लॉट मिळवावा, मग त्या केंद्राच्या आसपास घर शोधावे, त्यानंतर प्रवासाचा दिवस ठरवावा आणि तो दिवस पक्का झाल्यावरच सामानाची गाडी सांगावी. माझ्या सासूसासऱ्यांना नागपूरहून पुण्याला आणताना आम्ही हा क्रम उलटा केला होता. घर आवडले म्हणून आगाऊ रक्कम देऊन बसलो आणि जवळच्या केंद्रात जागाच नाही असे नंतर कळले. परिणामी पहिला दीड महिना बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, चार तासांच्या उपचारासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले.

नव्या केंद्राशी बोलणी निदान दोन महिने आधी सुरू करावीत. केंद्र पहिल्यांदा हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तपासण्यांचे ताजे अहवाल मागते, कारण संसर्ग असलेल्या रुग्णासाठी, विशेषतः हिपॅटायटिस बी असल्यास, वेगळे यंत्र ठेवावे लागते आणि त्यावरच जागा आहे की नाही हे ठरते. अहवाल किती जुना चालेल हे प्रत्येक केंद्राला आधी विचारून घ्यावे. जुन्या केंद्राकडून एक सविस्तर पत्र घ्यावे. त्यात ड्राय वेट (अंगातले जादा पाणी काढल्यानंतरचे वजन), वापरला जाणारा डायलायझर (रक्त गाळणारी गाळणी), रक्त गोठू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या हेपॅरिनची मात्रा, रक्तप्रवाहाचा वेग, फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडून केलेली रक्तवाहिनी) कोणत्या हातात आहे, उपचारादरम्यान रक्तदाब कितपत खाली येतो आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, एवढे तरी असायला हवे. शेवटच्या दहाबारा सत्रांच्या नोंदींच्या छायाप्रतीही मागून घ्याव्यात. नव्या तंत्रज्ञाला त्या नोंदींवरून माणूस जितका कळतो तितका डिस्चार्ज कार्डावरून कळत नाही.

खर्चाचा विचारही याच टप्प्यावर करावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि ती राज्यभर लागू असल्यामुळे नागपूरहून पुण्याला आल्याने लाभ तुटत नाही. मात्र नवे रुग्णालय योजनेच्या यादीत असले पाहिजे आणि मंजुरीची प्रक्रिया तिथे नव्याने होते. राज्याबाहेर जाणाऱ्यांना ही योजना तशीच पुढे नेता येत नाही, आयुष्मान भारतचे कार्ड मात्र देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ते निघण्यापूर्वीच काढून ठेवावे, कारण नव्या शहरात पहिल्या महिन्यात कोणत्याही रांगेत उभे राहण्याचे त्राण उरत नाही. खासगी विमा असल्यास पत्ता बदलल्याचे कंपनीला लेखी कळवावे आणि शहर बदलल्याने हप्ता किंवा स्वतःच्या वाट्याची रक्कम बदलते का, हे विचारावे.

मूत्रपिंडासाठी प्रतीक्षायादीत नाव असेल तर एक गोष्ट विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत आणि नोंदणी रुग्णालयामार्फत विभागवार होते. विभाग बदलल्यावर जुन्या नोंदणीचे काय होते आणि प्रतीक्षेचा काळ मोजला जातो का, हे दोन्हीकडच्या समन्वयकांकडून घर सोडण्यापूर्वीच लेखी घ्यावे.

घर पाहताना लिफ्ट आणि तिच्या जनित्राची सोय या दोन गोष्टींवर तडजोड करू नये. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला माणूस वीज गेली म्हणून तीन मजले चढू शकत नाही. खोलीला लागून कमोड असलेले न्हाणीघर असावे. बाकी उजेड, बाल्कनी, दर्शनी भाग यांवर मुलांचे मत चालू द्यावे.

आता प्रवासाच्या दिवसाविषयी. आठवड्यातील तीन सत्रांमध्ये एक खंड दोन दिवसांचा असतो, आणि शरीरात पाणी व पोटॅशियम साठण्याच्या दृष्टीने तोच सर्वांत धोक्याचा असतो. त्या खंडात प्रवास कदापि ठेवू नये. बाबांची सत्रे मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असत. गुरुवारी सकाळचे सत्र आटोपून ते घरी झोपले, शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने आम्ही निघालो आणि शनिवारी दुपारचा स्लॉट पुण्यात आधीच राखून ठेवला होता. सकाळचा स्लॉट मिळत असूनही मुद्दाम घेतला नव्हता, आणि गाडी तीन तास उशिरा पोहोचल्यावर त्या शहाणपणाचे आम्हाला स्वतःलाच कौतुक वाटले.

नागपूर ते पुणे हे रेल्वेचे अंतर सुमारे ८८० किलोमीटर आहे. दिवसाची वंदे भारत ते साधारण बारा तासांत कापते, पण इतका वेळ बसून काढण्यापेक्षा रात्रीच्या गाडीतील खालचा बर्थ अशा रुग्णाला कितीतरी सोयीचा पडतो. बर्थ निवडताना फिस्टुलाचा हात अंगाखाली दबणार नाही अशी बाजू मिळते का ते पाहावे. त्या हाताने पिशवी उचलू नये, त्यावर घट्ट घड्याळ बांधू नये, आणि वाटेत कोणी रक्तदाब मोजायला आलेच तर दुसरा हात पुढे करावा. मानेजवळ कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी बसवलेली नळी, असेल तर ड्रेसिंग ओले होऊ देऊ नये आणि सामानाच्या धुळीपासून ते जपावे.

खाण्यापिण्याची शिस्त निरोपाच्या दिवसांत हमखास बिघडते. नागपूरची माणसे प्रेमाने संत्र्यांची पेटी घेऊन येतात, आणि संत्र्यांत पोटॅशियम भरपूर असल्याने ती पेटी रुग्णाने न पाहिलेलीच बरी. शहाळ्याचे पाणी आणि केळी यांचेही तेच. पापड, लोणचे, चिवडा यांनी तहान वाढते, आणि गाडीत तहान वाढली की पाण्याचा हिशेब कोलमडतो. डॉक्टरांनी दिवसाला जेवढे पाणी ठरवून दिले असेल तेवढेच एका बाटलीत भरून बरोबर घ्यावे.

शक्य असेल तर मे महिना टाळावा. नागपुरात तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर रक्तवाढीची एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. ती थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांसह न्यावीत, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नयेत, कारण गोठलेले औषध वाया जाते.

सामान बांधण्याचे काम रुग्णासमोर करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. धूळ हे एक कारण आहेच, पण तीस वर्षांच्या संसारातील प्रत्येक भांड्यावर निर्णय देत बसणे हा आजारी माणसाला फार मोठा थकवा असतो. बाबा केंद्रात असत त्या तासांत आम्ही एकेक खोली आवरली. त्यांच्याकडे एकच काम ठेवले होते: खुर्चीत बसून स्वतःची कागदपत्रे आणि देवघर यांची निवड करणे. ते त्यांनी आठ दिवस पुरवून केले. जड वस्तू विकायच्या असतील तर सासूबाईंना विचारल्याशिवाय विकू नयेत, एवढे स्वानुभवावरून सांगते.

गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर ट्रकमध्ये चढवू नयेत. ते जुन्या वितरकाकडे जमा करून अनामत परत घ्यावी आणि मिळालेल्या कागदावर नव्या शहरात जोडणी घ्यावी. मालवाहू कंपनीकडून सामानाची यादी, विम्याची रक्कम आणि पोहोचण्याची तारीख लेखी घ्यावी. आमचे सामान दुसऱ्या दोन घरांच्या सामानाबरोबर भरले होते; तीन दिवसांचा शब्द होता, आले आठव्या दिवशी. म्हणून रुग्णाची गादी, दोन आठवड्यांची औषधे, मूळ चिठ्ठ्या, फाइल, रक्तदाबाचे यंत्र आणि वजनकाटा यांतील काहीही ट्रकच्या भरवशावर सोडू नये.

वजनकाटा मुद्दाम सांगितला. दोन काट्यांमध्ये अर्धा-एक किलोचा फरक सहज पडतो, आणि डायलिसिसमध्ये किती पाणी काढायचे ते वजनावरच ठरते. निघण्याच्या आदल्या सत्रात जुन्या केंद्राच्या काट्यावर आणि घरच्या काट्यावर पाठोपाठ वजन करून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत, तोच घरचा काटा घेऊन नव्या केंद्रात जावे आणि तिथल्या काट्याशी ताडून पाहावे. बाबांच्या बाबतीत फरक ७०० ग्रॅमचा निघाला. तो पत्रावर लिहून दिल्यानंतरच पुण्यातल्या तंत्रज्ञाने पहिल्या सत्राचा आकडा यंत्रात भरला.