माळावरच्या चराईचा सामूहिक हक्क कागदावर कसा आणावा

सोलापूर जिल्ह्यातील गावाने चराईच्या माळावर सामूहिक हक्क मागण्यापूर्वी सातबारा पाहावा. जमीन वन विभागाची असेल, तर २००६ चा वनहक्क कायदा लागू होतो, मग ती नान्नजच्या माळढोक अभयारण्यातील का असेना. महसुली गायरानाची वाट मात्र महसूल संहितेतून जाते.

वनजमिनीवरच्या दाव्यासाठी त्यानंतर जुने गावनकाशे, १८८४ चे सोलापूर गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ) आणि वन विभागाच्या कार्ययोजना मिळवाव्यात, कारण हे सर्व पुरावे म्हणून चालतात. ते वाचताना एक भान ठेवावे: १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव वनातील चराई हा गावाचा हक्क न राहता बहुतांशी सरकारने दिलेली आणि केव्हाही काढून घेता येणारी सवलत ठरली. म्हणून जुन्या कागदात वहिवाटीचा उल्लेख नसला, तर वहिवाटच नव्हती असा निष्कर्ष कोणालाही काढू देऊ नये.

ही उणीव वडीलधाऱ्यांच्या जबान्यांनी भरून निघते, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. स्वतः दावेदार नसलेल्या वृद्धांचे लेखी निवेदन वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार ग्राह्य आहे. गवत बी धरेपर्यंत माळ बंद कोण ठेवी, बंदी मोडणाऱ्याला दंड कोण करी, धनगरांचा वाडा, म्हणजे कळपासह फिरता तळ, कोणत्या महिन्यात येई, शेतात खतासाठी मेंढरे बसवल्याबद्दल धान्य किती ठरे, पाणवठ्यावर आधी कोणाची जनावरे जात, हे सारे नावनिशीवार उतरवून घ्यावे. सरपण आणणाऱ्या स्त्रिया आणि भूमिहीन कुटुंबे यांना स्वतंत्रपणे विचारावे. पंचांनी सांगितलेली रीत पुष्कळदा पंचांच्याच सोयीची असते, आणि ती तशीच दाव्यात उतरली तर जुना अन्याय कायदेशीर होऊन बसतो. हंगामी येणाऱ्या मेंढपाळांचा हक्क कायद्याने मान्य केलेला असल्याने त्यांना वगळू नये.

अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या दावेदारांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. दाव्याचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हजर असावेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. दावा उपविभागीय समितीकडे पाठवताना पोच घ्यावी; तिचा निर्णय अमान्य असल्यास ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो.