सिलिंडर सोडून पाइप गॅस घ्यायचा? आधी हे गणित करा

"कंपनी बदला, बिल कमी करा" असे फॉरवर्ड फिरतात, म्हणून ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी विजेचं आधी उरकून टाकू. मुंबई उपनगरात बहुतेक ठिकाणी आणि मीरा-भाईंदरला अदानी की टाटा असं निवडता येतं, पण ठाणे-नवी मुंबईत घरगुती वीज म्हणजे महावितरणच. कळवा-मुंब्रा-दिव्यात २०२० पासून टोरंट ही खासगी कंपनी बिल पाठवते खरं, पण दर तेच महावितरणचे. त्यामुळे ते फॉरवर्ड सरळ डिलीट करा. आपल्याकडे बदलता येण्यासारखी गोष्ट एकच, सिलिंडर सोडून महानगर गॅसचं पाइप गॅस कनेक्शन घेणं.

आता गोंधळ इथे होतो की सिलिंडर किलोत मिळतो आणि पाइपचा गॅस घनमीटरमध्ये, बिलावर एससीएम लिहिलेलं असतं ते, त्यामुळे दोन्ही दर नुसते शेजारी ठेवून काही कळत नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता असते तेवढ्यासाठी पाइपचा गॅस साधारण १७ ते १८ एससीएम लागतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत सिलिंडर ८५२.५० झाला होता, तोच धरू (तुम्ही तुमच्या पावतीवरचा आकडा टाका). त्याला १८ आणि १७ ने भागलं की एका एससीएमला ४७ ते ५० रुपये येतात. म्हणजे पाइपचा दर ४७ च्या खाली असेल तर फायदा, ५० च्या वर गेला तर तोटा, आणि मधे असेल तर पैशासाठी बदलू नका, हवं तर बुकिंगची कटकट नको म्हणून बदला.

पाइपचा दर जाहिरातीतला घेऊ नका. बिल्डिंगमध्ये ज्यांच्याकडे कनेक्शन आहे त्यांचं बिल मागा, त्यातून मागची थकबाकी, डिपॉझिट वगैरे वजा करा आणि उरलेल्या रकमेला वापरलेल्या एससीएमने भागा. बिल दोन महिन्यांनी येतं आणि मीटर बघायला कुणी आलं नाही तर अंदाजे रीडिंग टाकतात, म्हणून एकाच बिलावर जाऊ नका, वर्षभराची बघा.

सिलिंडरच्या बाजूलाही लोक एक गोष्ट विसरतात. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही म्हणून पोरगा वर आणून देतो आणि आपण ४० रुपये हातावर ठेवतो, तेही किमतीतच धरा, मग तोच हिशोब साधारण ५० ते ५२ वर जातो. उलट उज्ज्वलाचं कनेक्शन असेल आणि ३०० रुपये सबसिडी मिळत असेल तर विषयच संपला, सिलिंडरच स्वस्त.

मग डिपॉझिट. ते परत मिळतं पण व्याज नाही, म्हणजे समजा ५,००० अडकले आणि एफडीवर ६-७ टक्के मिळाले असते तर वर्षाला तीनसाडेतीनशे गेले. शेगडीचे जेट (गॅस जिथून येतो ती छोटी भोकं) बदलणं, जास्तीची पाइप लागली तर तिचे पैसे, हे वेगळं. जुन्या सिलिंडरचं डिपॉझिट मात्र परत मागा, पावती शोधून ठेवा.

खरं सांगायचं तर नुसत्या शेगडीवर फार काही वाचत नाही. वाचतं ते गिझरवर. एक एससीएम गॅसमध्ये जेवढं पाणी तापतं तेवढ्याला विजेच्या गिझरला अंदाजे ७-८ युनिट लागतात, आणि महिन्याला १०० युनिटच्या पुढे गेलात की महावितरणचं युनिट सगळे आकार धरून दहा रुपयांच्या वर पडतं. म्हणजे ५० रुपयांच्या गॅसचं काम विजेवर ७०-८० ला. चार माणसांच्या घरात रोज आंघोळीचं पाणी तापवायचं असेल तर इथेच फरक दिसेल. फक्त गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत लावू नका हां, कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेलीत, तो बाहेर मोकळ्या हवेतच हवा.

भाड्याने राहत असाल तर कनेक्शन मालकाला त्याच्या नावावर घ्यायला सांगा, डिपॉझिटही त्यानेच भरावं, तुम्ही फक्त बिल भरा, आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये तसं लिहून घ्या.