सरबताचा पाक चाखताना दात कसे सांभाळायचे

मार्च ते मे मी घरी लिंबाच्या सरबताचा पाक करून विकते. रस, साखर, मीठ आणि वरून थोडं लिंबूसत्त्व. पातेल्यागणिक दोन-चार चमचे चाखणं आलंच. संध्याकाळी दात आंबायचे, की मी लगेच खसाखसा ब्रश करायचे. तिसऱ्या उन्हाळ्यात माठातल्या पाण्यानेही कळ यायला लागली. समोरच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसू लागल्या. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, कीड एकही नाही, एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, झिजलंय. आणि ते परत उगवत नाही.

लिंबूसत्त्व म्हणजेच सायट्रिक ॲसिड. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३. त्यात हे ॲसिड दातातल्या कॅल्शियमलाच पकडतं. साखर घातली की जीभ फसते, दात फसत नाहीत. गोड सरबतातही ॲसिड तेवढंच असतं.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे वजनकाटा घेतला. मापं वहीत पक्की लिहिली, त्यामुळे चाखायचं एकदाच, शेवटी. लाळ आंबटपणा धुऊन काढते, पण तिला अर्धा-एक तास लागतो. दर दहा मिनिटांनी चमचा तोंडात गेला तर तिने काम करायचं कधी? म्हणून सरबतही एका बैठकीत प्यावं, घोट घोट करत दुपारभर नाही. तोंडात घोळवू नये. स्ट्रॉ असेल तर उत्तम.

नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि तासभर ब्रशला हात लावू नका. ॲसिडने मऊ झालेला थर ब्रशने सरळ खरवडला जातो. माझं खरं नुकसान तिथेच झालं. ब्रश मऊ, पेस्ट फ्लोराइडची. मिश्री, कोळशाची पूड, आणि ते लिंबू-मीठ चोळून दात ‘पांढरे’ करणं तर अजिबात नको. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्री आंबट काही नाही.

सासूबाईंचं सकाळचं मध-लिंबूपाणी मी बंद करू शकले नाही. निदान ब्रश आता त्याच्या आधी होतो.

चाखायचं काम मी ह्यांच्याकडेही देऊन पाहिलं. ह्यांना प्रत्येक पातेल्यात साखर कमीच लागते.