वासराचं कोटीपोट घडताना या चुका टाळा

शिरूर, दौंड, इंदापूर पट्ट्यात संकरित गाईंचे गोठे भरपूर. डेअरीला जाणाऱ्या दुधावर घरातल्या सगळ्यांचं लक्ष असतं, कोपऱ्यात बांधलेल्या कालवडीवर तेवढं नसतं. पण उद्या ती वैरण किती पचवणार, हे कोटीपोटावर, म्हणजे वैरण आंबवून पचवणाऱ्या पोटाच्या पहिल्या कप्प्यावर ठरतं, आणि त्याचा पाया पहिल्या दोन महिन्यांतच पडतो.

जार पडायची वाट पाहणं

जार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, ही समजूत अजून अनेक घरांत आहे. ती वासराच्या जिवावर बेतते. रोगाशी लढणारी द्रव्यं वासराला चिकातूनच मिळतात. ती आतड्यातून रक्तात जाण्याची वाट तासागणिक अरुंद होत जाते आणि साधारण 24 तासांत बंद होते. म्हणून पहिला चीक तास-दोन तासांत पाजा. दिवसभरात वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे 30 किलोच्या वासराला सुमारे 3 लिटर, पोटात गेला पाहिजे. वासरू आचळाला लागल्याने जार अडत नाही, उलट पडायला मदतच होते. खरवस उरलेल्या चिकाचा करावा.

दूध भरपूर, मग खुराक कशाला?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. जन्मताना पोटाच्या चार कप्प्यांपैकी चौथा, म्हणजे खरं पोट, सगळ्यात मोठा असतो आणि कोटीपोट अगदी लहान. वासरू दूध चोखतं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाची खाच मिटून पन्हळ तयार होते आणि दूध कोटीपोटाला वगळून थेट चौथ्या कप्प्यात उतरतं. त्यामुळे नुसत्या दुधावर वासरू गुबगुबीत दिसेल, पण कोटीपोट तसंच राहील.

कोटीपोट घडतं ते दाण्याने. भरड्यातला स्टार्च तिथे आंबतो, त्यातून आम्लं तयार होतात, आणि विशेषतः ब्युटिरिक आम्लामुळे आतल्या अस्तरावर बारीक बोटांसारखे उंचवटे वाढतात. पुढे आयुष्यभर अन्नरस शोषायचा तो याच उंचवट्यांनी. म्हणून पहिल्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर, म्हणजे लहान वासरांसाठीचा खास खुराक, समोर ठेवा. सुरुवातीला वासरू नुसतं हुंगतं. दूध पिऊन झाल्यावर चिमूटभर तोंडात लावा. शिळा खुराक रोज काढून टाका.

सोबत स्वच्छ पाणी हवंच. दुधातलं पाणी कोटीपोटात जात नाही, आणि पाण्याशिवाय तिथले जिवाणू वाढत नाहीत. ‘दूध पितंय, पाणी कशाला’ म्हणून बादली न ठेवणारे गोठे पाहिले की फार वाईट वाटतं.

गाईचा खुराक मात्र वासराला घालू नका. काही पशुखाद्यांत युरिया असतो, सरकी पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य. न घडलेल्या कोटीपोटाला दोन्ही झेपत नाहीत.

पोट सुटलंय, केस राठ झालेत

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाचं वाढं मुबलक, म्हणून तेच वासरापुढे पडतं. अशा वैरणीने पोट ताणून फुगतं, अस्तर वाढत नाही. वाढं बंद करून खुराक वाढवा, थोडं मऊ वाळलेलं गवत ठेवा. जंतांमुळेही असंच दिसतं, तेव्हा शेण तपासून घ्या.

शेण चिकणमातीसारखं, दूध पिल्यावर डावी कूस फुगते

दूध कोटीपोटात सांडत असावं. गार दूध, रोज बदलणारी वेळ, बादलीतून घटाघटा पिणं ही नेहमीची कारणं. दूध 38-39 अंशांवर, ठरलेल्या वेळी, निपलच्या बाटलीने पाजा. नळीने किंवा नाळीने दूध ओतू नका. फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

हगवण लागली की दूध तोडणं

अशक्त वासरू त्याने आणखी खचतं. दूध चालू ठेवा आणि दोन दुधांच्या मधल्या वेळेत क्षारांचं पाणी पाजा. डोळे खोल गेले, वासरू उठेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

तारीख पाहून दूध बंद करणं

दोन महिने झाले म्हणून दूध तोडू नका. सलग तीन दिवस वासरू रोज किलोभर खुराक संपवू लागलं की आठवडाभरात दूध हळूहळू कमी करत आणा.