डि'सोझांच्या नावातले अवतरणचिन्ह

वांद्र्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभासद-नोंदींसाठी मी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला शोध ‘डि'सोझा’ हे आडनाव टाकताच बंद पडत असे, कारण नावातले एकेरी अवतरणचिन्ह मायएसक्यूएल या डेटाबेसला मजकुराचा शेवट वाटे आणि उरलेला ‘सोझा’ क्वेरीचाच, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेचाच, भाग म्हणून वाचला जाई. प्रत्येक ठिकाणी हाताने एस्केप करणे, म्हणजे अवतरणचिन्ह साधे अक्षर म्हणून वाचले जावे अशी खूण त्याला जोडणे, मला धोक्याचे वाटले. एक जागा जरी सुटली, तरी परका माणूस तिथून आपली क्वेरी घुसवू शकतो. म्हणून पीडीओ या पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीच्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये (मूल्यांच्या जागा मोकळ्या ठेवून आधी तयार केलेल्या क्वेरीत) नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले आणि नाव वेगळे पाठवले. सवयीने त्या प्रश्नचिन्हाभोवती अवतरणे घातली, तेव्हा ते नुसता मजकूर ठरले आणि पॅरामीटरांची (वेगळ्या पाठवलेल्या मूल्यांची) संख्या जुळत नसल्याची चूक आली; अवतरणे काढताच नोंद सापडली. क्रमवारीसाठीचे कॉलमचे नाव मात्र असे देता येत नाही, त्यामुळे ते मी ठरलेल्या नावांच्या यादीशी ताडून घेतो.